धरणाचा काठ कोणाचा?

पावसाळ्याचे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर टेकू लागले की पुणे जिल्ह्यात एक सरकारी विधी पार पडतो. जिल्हाधिकारी कार्यालयातून मनाई हुकूम निघतो. धरणे, धबधबे आणि नदीकाठ यांच्या परिसरात संध्याकाळी किती वाजल्यानंतर थांबू नये, पाण्यात उतरू नये, गर्दी करू नये, याची जंत्री प्रसिद्ध होते आणि चौकाचौकांत पोलिसांचे अडसर उभे राहतात. पूर्वी हा हुकूम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमान्वये निघत असे. २०२४ च्या जुलैपासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाखाली निघतो. कलमाचा आकडा बदलला, राज्यकर्त्यांची बुद्धी बदललेली नाही.

हे हुकूम निष्कारण निघतात असे मात्र कोणी म्हणू नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण, त्यांतली बहुतेक लहान मुले, पाहता पाहता वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल सहलीला आलेल्या माणसांच्या भाराने कोसळला आणि चौघांचा बळी गेला. पूल धोक्याचा आहे हे सरकारी यंत्रणेला त्याआधीच ठाऊक होते. तसा फलकही तिथे होता. फलक लावला की कर्तव्य संपले अशी ज्या यंत्रणेची समजूत आहे, तिच्या दृष्टीने पूल बांधणे किंवा तो खरोखर बंद करणे यापेक्षा माणसांनाच बंदी घालणे सोपे असते. माणसे मेली की चूक माणसांची ठरते, आणि पुढल्या वर्षीचा हुकूम थोडा अधिक कडक होतो.

या हुकुमाची झळ कोणाला लागते, हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानात येते. खडकवासल्याच्या चौपाटीवर रविवारी जी गर्दी लोटते ती कोणाची असते? हडपसरच्या कारखान्यांतील, भोसरीच्या वर्कशॉपांतील, कात्रजच्या दोन खोल्यांच्या घरांतील ही माणसे पीएमपीच्या बसने किंवा एका दुचाकीवर तिघे-चौघे बसून येतात, भाजलेले कणीस आणि कांदाभजी खातात, मुलांना पाणी दाखवतात आणि अंधार पडण्याच्या आत परततात. मनाई हुकूम त्यांच्यासाठी असतो. त्याच पाण्याच्या वरच्या अंगाला ज्यांचे बंगले आहेत, ज्यांच्या गच्चीवरून जलाशय दिसतो आणि ज्यांच्या हिरवळीचा उतार थेट पाण्याकडे जातो, त्यांना कोणताही हुकूम ‘पर्यटक’ म्हणत नाही. ते मालमत्ताधारक आहेत. एकाने पाण्याकडे पाहिले तर गर्दी होते, दुसऱ्याने पाहिले तर जमिनीचा भाव वाढतो.

आणि ही जमीन मुळात कोणाची? महाराष्ट्रातील एकही धरण ओसाड माळावर उभे राहिलेले नाही. नदीकाठची काळी, सकस, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन आणि तिच्यावरची गावे बुडवूनच धरणे झाली. १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह केला, तो टाटांच्या कंपनीसाठी सरकार आपल्या जमिनी का घेते, या साध्या प्रश्नासाठी होता. सरकारचे उत्तर ठरलेले होते: १८९४ चा भूसंपादन कायदा आणि त्यातले ‘सार्वजनिक प्रयोजन’. स्वातंत्र्यानंतर पानशेत, वरसगाव, टेमघर, पवना, कोयना ही धरणे झाली तेव्हाही शेतकऱ्यांना हेच शब्द ऐकवण्यात आले. शब्द खोटे नव्हते. शहराला पाणी हवे होते, शेतीला पाणी हवे होते, विजेची गरज होती. परंतु सार्वजनिक प्रयोजनासाठी म्हणून ज्याच्याकडून जमीन घेतली त्याला असे कोणी सांगितले नव्हते, की पाण्याखाली जाईल तेवढीच जमीन सार्वजनिक राहील आणि पाण्याबाहेर उरेल ती पुढे धनिकांच्या हवापालटासाठी कामी येईल.

जलाशयाचा काठ ही मोठी विलक्षण जमीन असते. पावसाळ्याच्या अखेरीस पूर्ण संचय पातळीपर्यंत पाणी चढते आणि उन्हाळा येईतो ते ओसरत जाते. जी जमीन उघडी पडते तिला शेतकरी गाळपेर म्हणतो. पाणी मागे हटेल तसतसे तिच्यावर हरभरा, भुईमूग, कलिंगड लावायचे आणि पाऊस येण्याआधी पीक काढून घ्यायचे, अशी ही शेती. पाटबंधारे खाते ही जमीन हंगामापुरती भाडेपट्ट्याने देत आले आहे आणि त्यात धरणग्रस्ताला अग्रक्रम मिळावा असा संकेत आहे. ज्याचे सर्वस्व बुडाले त्याला वर्षातून चार-सहा महिने आपल्याच वाडवडिलांच्या शिवारात भाडेकरू म्हणून उतरण्याची ही सवलत. औदार्य फारसे नाही, पण हक्काची एक धूसर खूण तरी तिच्यात आहे.

पवनेच्या काठी आज काय दिसते ते पाहावे. मावळातील हे धरण सत्तरच्या दशकात पुरे झाले. त्याने पिंपरी-चिंचवडचे कारखाने आणि वसाहती जगवल्या. ज्यांची घरे-शेते त्यात गेली त्यांतल्या शेकडो खातेदारांचे पुनर्वसन अर्धशतक रखडले. तीच मंडळी पुन्हा १९७६ च्या पुनर्वसन कायद्याची कलमे हातात घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिली. धरणातून थेट बंद नळाने शहराकडे पाणी नेण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, बऊर येथे द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे शेतकरी ठार झाले. आज त्याच जलाशयाच्या कडेला शनिवारी संध्याकाळी तंबूंच्या रांगा लागतात. शहरातून मोटारी येतात, शेकोट्या पेटतात, कर्णे लागतात. धरणग्रस्ताच्या मुलाला यातून रोजगार मिळतो हे खरे. कोणी तंबू ठोकतो, कोणी जेवण रांधतो, कोणी रात्रपाळीचा पहारेकरी होतो. ज्याच्याजवळ काठालगत चार गुंठे उरले होते तो स्वतःच तंबू भाड्याने देतो, आणि त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु ज्याचे काहीच उरले नव्हते, त्याचे आज मालकाशी नाते पूर्वी जमीनदाराशी होते त्याहून फारसे वेगळे नाही.

तेव्हा काठ मोकळा करा, सर्वांना येऊ द्या, असे म्हणताच एक युक्तिवाद पुढे येतो. तो टाळून चालणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. हे पिण्याचे पाणी आहे. लाखो लोकांच्या घागरीत ते जाणार आहे. माणसांची वर्दळ वाढली की घाण वाढणार, म्हणून पाणलोट क्षेत्राला कुलूप लावणे हेच लोकहिताचे. हे म्हणणारे सगळेच काही धनिकांचे दलाल नसतात. त्यांत पाण्याची खरी चिंता वाहणारे अभियंते असतात, वनाधिकारी असतात. त्यांच्या बाजूने सर्वांत बळकट पुरावा मुंबईच्या पोटातच आहे.

मुंबईला नळाचे पाणी प्रथम मिळाले ते १८६० साली पुऱ्या झालेल्या विहार तलावातून. पुढे १८७९ साली तुळशी आणि १८९१ साली पवई तलाव झाला. त्या काळी आजच्यासारखी शुद्धीकरण केंद्रे नव्हती. पाणी जसे तलावात साचे तसेच जवळजवळ नळात येई, म्हणून पाणलोट राखणे हाच शुद्धीकरणाचा मुख्य उपाय होता. विहार-तुळशीच्या भोवतीचे रान राखले गेले, आणि हे राखलेले रान पुढे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा गाभा झाले. मुंबईसारख्या शहराच्या कुशीत शंभर चौरस किलोमीटरांहून अधिक जंगल आज उभे आहे, त्याचे श्रेय बऱ्याच अंशी त्या जुन्या कुलुपाला द्यावे लागेल. विहारच्या काठी आजही परवानगीवाचून जाता येत नाही, आणि विहारचे पाणी आजही शहर पिते. त्याच्याच शेजारचा, त्याच मिठी नदीच्या खोऱ्यातला पवई तलाव मात्र पिण्याच्या कामातून केव्हाच बाद झाला. त्यात जलपर्णी माजली, मैलापाणी मिसळले. एकाला कुलूप होते, तो वाचला. दुसरा मोकळा होता, तो मेला. मग आणखी कोणता पुरावा हवा?

पुरावा उत्तम आहे, फक्त तो निराळीच गोष्ट सिद्ध करतो. पवई तलाव सहलीला आलेल्या माणसांनी मारला नाही. काठावर बसून गळ टाकणाऱ्या कोळ्याने किंवा पाव-भाजी खाणाऱ्या कुटुंबाने तलावात जलपर्णी आणली नाही. तिला खत पुरवले ते भोवतालच्या वसाहतींच्या सांडपाण्याने. पवईचे पाणलोट बांधकामांना मोकळे झाले, टोलेजंग इमारती आणि हॉटेले काठापर्यंत आली, आणि त्यांच्यामागोमाग त्यांची घरकामे करणाऱ्यांच्या झोपड्या आल्या, ज्यांना गटार देण्याची तसदी कोणी घेतली नाही. विहारच्या कुलुपाने खरोखर अडवले ते बांधकामाला. पायी येणारा माणूस त्यात आपसूकच अडकला. आणि या कुलपाचा हिशेबही एकतर्फी नव्हता. उद्यानातील पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आदिवासी आपल्याच रानात उपरे ठरले, आणि १९९७ च्या न्यायालयीन आदेशानंतर हजारो झोपड्यांवर नांगर फिरला. पवईच्या काठी महापालिकेने सायकल मार्ग बांधण्याचा घाट घातला आणि २०२२ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने तो पाणथळ जागांच्या नियमांविरुद्ध म्हणून बेकायदा ठरवला, ते योग्यच झाले. लोकांना तलावाशी नेण्याच्या नावाखाली तलावातच भराव घालणे ही लोकांची सोय नव्हे. पण तलावाकाठी आधीच उभ्या असलेल्या काँक्रीटचे काय, हा प्रश्न त्या निकालाने सुटला नाही, आणि तो विचारायला कोणी न्यायालयात गेलेही नाही.

पाणी खराब कशाने होते हे शास्त्र पाहता फारसे गूढ नाही. मैला, सांडपाणी, शेतातून धुपून येणारी खते आणि डोंगरउतार उघडे पाडल्यावर वाहून येणारा गाळ, ही त्याची मुख्य कारणे. मोठ्या जलाशयात पाणी महिनोन्‌महिने साठून राहते. गाळ खाली बसतो, ऊन आणि काळ जंतूंचे बळ कमी करतात, आणि शेवटी पाणी तुरटी, गाळणी आणि क्लोरीन या वाटेने शहरात जाते. काठावरून चालत गेलेल्या माणसाच्या पावलांची त्यात काही गणतीच नाही. जिथे पाणी उचलले जाते त्या विहिरीच्या आसपास माणसे पोहू नयेत, जनावरे धुऊ नयेत, हे समजण्यासारखे आहे. खडकवासल्याची एकूण साठवण जेमतेम दोन अब्ज घनफूट आहे, म्हणजे पुण्याच्या चारही धरणांच्या २९ अब्ज घनफुटांचा लहानसा अंश, आणि शहराची उचल तिथूनच होते. तिथे वरसगावच्या टोकापेक्षा अधिक काळजी हवी. परंतु काळजीचे प्रमाण पाण्याच्या स्वभावावरून ठरले पाहिजे. येणाऱ्याच्या ऐपतीवरून ते ठरता कामा नये.

हा वाद नवा नाही आणि तो केवळ महाराष्ट्राचाही नाही. यंत्रयुगाची जन्मभूमी असलेल्या मँचेस्टर आणि शेफील्ड या शहरांच्या मधोमध पेनाइन डोंगरांचा उजाड प्रदेश आहे. सूतगिरण्यांच्या धुरात सहा दिवस काढणारा कामगार रविवारी तिकडे धाव घेई. पण ते डोंगर सरदार-जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होते, आणि जिथे जमीनदार नव्हता तिथे शहरांच्या पाणीखात्यांनी जलाशयांचे पाणलोट म्हणून वाटा बंद केल्या होत्या. गंमत अशी, की त्याच डोंगरांवर मेंढ्या चरत, आणि हंगामात सरदारांचे पाहुणे रानपाखरे टिपत. मेंढीच्या लेंडीने पाणी बाटत नसे, मेलेल्या पाखराने बाटत नसे. गिरणी कामगाराच्या बुटाने मात्र बाटत असे. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या बेकार कामगाराच्या पुढाकाराने काही शे तरुण कामगार हेफील्ड गावाहून निघाले, स्टॉकपोर्ट शहराच्या जलाशयाच्या कडेने किंडर स्काउटच्या पठाराकडे चढले आणि त्यांनी उघडपणे बंदी मोडली. रखवालदारांशी झटापट झाली. सहा जणांना अटक झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. डोंगर चढण्याबद्दल कैद! या शिक्षेनेच चळवळ देशभर गेली.

पुढचा भाग आपल्याकडील अभियंत्यांनी आवर्जून लक्षात घ्यावा असा आहे. युद्धानंतर मजूर पक्षाचे सरकार आले. पाणलोट क्षेत्रात लोकांना जाऊ देण्याने पाण्याला खरोखर धोका आहे काय, याची चौकशी सरकारी समितीने केली आणि १९४८ साली अहवाल दिला. पाणी शुद्ध करण्याची नीट व्यवस्था असेल तर लोकांना सरसकट मज्जाव करण्याला आधार नाही, असा त्याचा आशय होता. १९४९ साली राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील प्रवेश यांसंबंधीचा कायदा झाला, १९५१ साली किंडरचा प्रदेशच ब्रिटनमधील पहिल्या राष्ट्रीय उद्यानात आला, आणि उघड्या माळरानांवर पायी फिरण्याचा हक्क २००० सालच्या कायद्याने मिळाला. म्हणजे सहा-सात दशके गेली. २००२ साली त्या बंदीभंगाला सत्तर वर्षे झाली तेव्हा ज्यांच्या घराण्याच्या मालकीचे ते पठार होते त्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरनी जाहीरपणे दिलगिरी व्यक्त केली. मधल्या काळात, १९८९ साली, थॅचरबाईंच्या सरकारने पाणीपुरवठाच खाजगी कंपन्यांना विकून टाकला, ही त्या इतिहासाची दुसरी बाजू. वाट मोकळी झाली आणि पाणी विकले गेले. एक हक्क मिळवताना दुसऱ्यावर नजर ठेवावी लागते, ती तिथल्या मजूर चळवळीला ठेवता आली नाही.

महाराष्ट्रात मात्र एका अर्थाने उलटे घडले. तिकडे पाणीखाते पाण्याच्या नावाने सर्वांनाच अडवत होते. इकडे पाटबंधारे खात्याने पायी येणाऱ्याला अडवले आणि बांधणाऱ्याला वाट दिली. वरसगाव धरणाच्या पाणलोटातील मोसे खोऱ्याची कहाणी सर्वश्रुत आहे. २००१ साली तेथील १८ गावांचा प्रदेश गिरिस्थान म्हणून अधिसूचित झाला. २००२ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने, म्हणजे ज्या महामंडळाने धरणासाठी जमीन सांभाळायची त्यानेच, १४१ हेक्टर जमीन तीस वर्षांच्या पट्ट्याने लवासा नगरीच्या विकसक कंपनीला दिली. पुण्याच्या पिण्याच्या पाण्याकडे वाहणाऱ्या ओढ्यांवर बंधारे घालण्याची मुभाही मिळाली. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस काढली, महालेखापरीक्षकांनी ताशेरे ओढले, आणि २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. एक आख्खे शहर पाणलोटात उभे करताना पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न कोणत्याही खात्याला वेळेवर आठवला नाही. खडकवासल्याच्या पुलावर कणीस खाणाऱ्या कुटुंबाला मात्र तो दर रविवारी शिट्टी फुंकून आठवून दिला जातो.

लवासा हे मोठे नाव झाले म्हणून डोळ्यांत भरले. पानशेत रस्त्याने, मुळशीच्या काठाने, पवनेच्या भोवती जे लहान लहान लवासे फार्महाऊस, रिसॉर्ट, ‘सेकंड होम’ या नावांनी उभे राहिले आहेत, त्यांची मोजदाद कोणी केली? त्यांचे शोषखड्डे किती खोल आहेत, त्यांचे पावसाळ्यातील पाणी कोठे जाते, याची तपासणी करणारा माणूस नेमलेला असेल तर तो फार क्वचित दिसतो. आता तर धरणांलगतच्या मोकळ्या जागा आणि खात्याची विश्रामगृहे पर्यटनासाठी ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर खाजगी संस्थांना देण्याचे धोरणच शासनाने पत्करले आहे. कोयनेच्या जलाशयात सुरक्षेच्या कारणास्तव वर्षानुवर्षे नौकाविहाराला बंदी होती. २०२४ साली जावळी तालुक्यातील मुनावळे येथे शासनाने मोठ्या थाटात जलपर्यटन सुरू केले. नौका फिरू शकतात हे कळले, चांगले झाले. कोयनेचे जे धरणग्रस्त तीन पिढ्या पर्यायी जमिनीची वाट पाहत आहेत, त्यांच्या फायलींना अशी गती का येत नाही, एवढेच कोणी विचारू नये.

पाण्याच्या शुद्धतेची खरी कसोटी कोठे लागली ते २०२५ च्या जानेवारीत दिसले. सिंहगड रस्त्याच्या अंगाला असलेल्या नांदेड, किरकटवाडी, खडकवासला या परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या दुर्मीळ आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले. ही गावे २०२१ साली पुणे महापालिकेत आली होती. त्यांच्यावर शहराचे कर आले, परंतु शहराचे शुद्धीकरण केंद्र आले नाही. धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्या या माणसांना धरणाचेच पाणी गाळणीवाचून, केवळ क्लोरीन घालून मिळत होते. तीस किलोमीटर दूरच्या सदनिकांना पर्वतीच्या केंद्रातून गाळलेले पाणी, आणि ज्यांच्या अंगणात धरण आहे त्यांना कच्चे! चौपाटीवरची गर्दी हटवून हा प्रश्न कणभरही सुटला नसता. तो सुटायला सांडपाण्याच्या नळ्या, शुद्धीकरण केंद्र आणि पैसा लागतो. मनाई हुकुमाला कागद पुरतो.

समाजवादी कार्यकर्त्याने या प्रश्नाकडे लक्ष का द्यावे, असे काहींना वाटेल. धरणग्रस्तांचा लढा ठीक, पाण्याच्या समन्यायी वाटपाचा लढा ठीक, पण सहल आणि विरंगुळा हे मध्यमवर्गाचे चोचले आहेत, अशी एक जुनी सोवळी समजूत चळवळीत आहे. ती इतिहासाला धरून नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी कोणी दयेने दिली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांना त्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले आणि १८९० साली ती मिळाली. पवईचा तलाव पुरा होण्याच्या आदल्याच वर्षीची ही गोष्ट. सुटी मिळवणे हा लढ्याचा अर्धा भाग होता. त्या दिवशी श्रमिकाने मुलांना घेऊन जावे कोठे, हा उरलेला अर्धा भाग अजून बाकी आहे. शहरातली मैदाने गेली, बागांना तिकिटे लागली, समुद्रकिनारा भरावाखाली जात आहे. ज्याला क्लबाचे सभासदत्व परवडते त्याला हिरवळ मिळते. बाकीच्यांना मॉलचा थंडावा, तोही खिसा हलका करण्याच्या अटीवर. अशा वेळी सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक प्रयोजनासाठी घेतलेल्या जमिनीवरून चालण्याचा, पाण्याच्या काठी फुकट बसण्याचा अधिकार ही चैन नव्हे.

या अधिकाराबरोबर जबाबदारी येते, हे श्रमिकालाही सांगावे लागेल, आणि ते स्पष्ट सांगण्यात संकोच करण्याचे कारण नाही. सिंहगडच्या वाटेवर आणि धबधब्यांच्या तोंडाशी दारूच्या बाटल्यांच्या काचा पसरलेल्या असतात, त्या सगळ्याच बंगलेवाल्यांच्या नसतात. पाण्यात बुडणाऱ्या तरुणांत नशेत उतरणारे बरेच असतात. गावातल्या बायांना पाणवठ्यावर जाणे मुश्किल करणाऱ्या टोळक्यांना वर्गीय सहानुभूतीचे कवच देता येणार नाही. पण यावरचा उपाय बंदी हा नाही. उपाय आहे तो माणूस नेमण्याचा: काठावर गावातलेच प्रशिक्षित जीवरक्षक हवेत, मुताऱ्या आणि शौचालये हवीत, कचरा उचलण्याची सोय हवी, शेवटची बस हवी. ही कामे धरणग्रस्तांच्या गावांना सहकारी संस्थांमार्फत द्यावीत आणि त्यांचा मोबदला पाणी घेणाऱ्या महानगरपालिकांनी द्यावा. पुण्याने आणि पिंपरी-चिंचवडने इतकी वर्षे पाणी घेतले. काठ राखण्याचा खर्च त्यांनी उचलावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

आजच्या व्यवहारात धरणग्रस्त आणि रविवारचा पाहुणा यांना एकमेकांसमोर उभे केले जाते. पाहुण्याला वाटते, गावकरी पार्किंगच्या नावाखाली लुबाडतो. गावकऱ्याला वाटते, शहरातले हे लोंढे आपल्या शेताच्या बांधावर मुतून जातात. दोघांच्याही तक्रारीत तथ्य आहे, आणि दोघेही भांडत असताना काठावरचा सातबारा तिसऱ्याच्या नावावर चढतो. हे थांबवायचे तर मागणी एकत्रच मांडली पाहिजे. पूर्ण संचय पातळीपासून ठरावीक अंतरापर्यंतची संपादित जमीन कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही मुदतीने खाजगी बांधकामाला देऊ नये. गाळपेरीचा हक्क धरणग्रस्ताचा राहावा, तो तंबूवाल्याला पोटभाड्याने देता येऊ नये. बाकी काठावर पायी येण्याजाण्याची वाट सर्वांना असावी, मग ती कोणाच्या फार्महाऊसच्या कुंपणातून का जाईना. आणि पाण्याची उचल जिथे होते तेवढ्या भागापुरती बंदी असावी. तिची हद्द शास्त्रीय पाहणीने ठरावी, ती पाहणी प्रसिद्ध व्हावी आणि हुकूम वर्षभर सगळ्यांना सारखा लागू व्हावा, शनिवार-रविवारीच नव्हे.

तालुक्या-तालुक्यांतील शाखांना यातले बरेच काम आजच हाती घेता येईल. पाटबंधारे विभागाने आपल्या हद्दीत कोणाला, किती वर्षांसाठी, कोणत्या दराने जमीन दिली, ही माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये मागता येते. जुने भूसंपादनाचे निवाडे तहसील कचेरीत आहेत. संपादित क्षेत्राचे नकाशे आणि आजचे सातबारे शेजारी ठेवले की कोणता गट कोठे सरकला ते उघड होते. धरणग्रस्तांच्या गावांतील वृद्धांना तो शिवार पाठ आहे, पण ही माणसे फार काळ राहणार नाहीत, म्हणून त्यांच्या साक्षी लेखी घेण्याचे काम आधी झाले पाहिजे. आणि मोसे खोऱ्यातल्या त्या १४१ हेक्टरांची मुदत कागदोपत्री २०३२ साली संपते. ती वाढवून देण्याचा ठराव एखाद्या बैठकीच्या विषयपत्रिकेत शेवटच्या क्षणी घुसवला जाण्याआधी वरसगावच्या दोन्ही काठांवरील ग्रामसभांनी आपले ठराव मंजूर करून महामंडळाकडे पोचवलेले असावेत.